उतरती कळा इंग्रजीत कशी लिहावी

"माय ग्रँडमदर इज डिलॅपिडेटेड, काइंडली ग्रँट मी टू डेज लीव्ह." माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाने ऑफिसात हा अर्ज दिला आणि रजा मिळाली, पण अर्ज महिनाभर सगळ्यांच्या फोनवर फिरला. मुलगा हुशार आहे. आजी खरंच थकलेली होती. त्याने मोबाइलवर 'म्हातारा', 'अशक्त' यांचे इंग्रजी समानार्थी शब्द काढले आणि त्यातला भारदस्त दिसणारा उचलला, एवढंच. डिलॅपिडेटेड म्हणजे मोडकळीस आलेलं. या शब्दाच्या पोटात 'लॅपिस' हा दगडासाठीचा लॅटिन शब्द बसला आहे. चिरे निखळून विखुरलेत असं काहीतरी डोळ्यांपुढे आणा. वाडा डिलॅपिडेटेड असतो, आजी नसते.

बडोद्यात दांडिया बाजारात मी घरीच इंग्रजीचे वर्ग घेते. येणाऱ्यांत निम्मे आयेल्ट्स या परदेशी जाण्यासाठीच्या इंग्रजी परीक्षेच्या तयारीतले, बाकीचे नोकरीत मेल लिहिताना अडखळणारे. बहुतेकांच्या घरी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि शाळेचं माध्यम या दोन्हीपैकी कुठलंच नाही. म्हणून घरी 'अशक्तपणा', शेजारी 'नबळाई' आणि दवाखान्यात 'वीकनेस' असे तीन शब्द त्यांच्या तोंडात असतात, आणि इंग्रजी लिहायला बसलं की हाताशी फक्त 'वीक' आणि 'डिक्रीज' उरतात. ऱ्हास, घट, दुबळेपणा यांचे इंग्रजी शब्द नव्याने शिकणाऱ्यांसाठी मी वर्गात जे करून घेते, ते इथे लिहिते आहे.

पायरी पहिली : आधी मराठी क्रियापद पकडा

इंग्रजी शब्दांची यादी बाजूला ठेवा. कागदावर मराठीत लिहा, काय होतंय. पाणी ओसरतं. तब्येत खालावते. गर्दी रोडावते. पायरी झिजते. माणूस खंगतो. भिंत ढासळते, जमीन खचते, वेग मंदावतो, रंग विटतो, फूल कोमेजतं, उत्साह मावळतो, धंदा बसतो. आपण यांत कधी गफलत करत नाही. 'आजोबा ढासळले' असं कुणी म्हणालं तर कान टवकारतात, आणि 'तब्येत ओसरली' तर कुणी म्हणतच नाही. ही जाण तुमच्याकडे जन्मापासून आहे. तिचा इंग्रजीसाठी उपयोग करायचा सोडून आपण सगळ्यांवर 'कमी झालं' असा एकच शिक्का मारतो आणि मग त्या शिक्क्याचं भाषांतर करत बसतो. चूक इंग्रजीत होतच नाही, त्याच्या आधीच झालेली असते.

मराठी क्रियापद नेमकं सापडलं की इंग्रजी शब्द बराचसा ठरतो. तब्येत, नातं किंवा हवेची प्रत खालावते तेव्हा डिटीरिओरेट. गर्दी किंवा शिल्लक रोडावते तेव्हा ड्विंडल. माणूस खंगतो तेव्हा वेस्ट अवे. रंग विटतो तेव्हा फेड. भिंत हळूहळू पडझडीला लागते तेव्हा क्रंबल, धाडकन कोसळते तेव्हा कोलॅप्स.

'उतरती कळा' हा आपला शब्दप्रयोग तर इंग्रजीच्या फार जवळचा आहे. कळा म्हणजे चंद्राची कला. इंग्रजीत वद्य पक्षातला चंद्र 'वेन' होतो आणि शुद्ध पक्षातला 'वॅक्स'. शिवाजी महाराजांच्या मुद्रेतली 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुः' ही चंद्रकोर वॅक्स होणारी. एखाद्या नटाची लोकप्रियता, घराण्याचा दरारा, लोकांचा रस यांना उतरती कळा लागते तेव्हा 'वेन' चपखल बसतो. पण साखरेचा भाव उतरला तर 'वेन' नको. भावाला कळा नसतात.

पायरी दुसरी : आपोआप झालं की कुणी केलं

'होणे' आणि 'करणे' हा फरक मराठी उघड दाखवते: झिजणे, झिजवणे. इंग्रजीत तो शब्दावर लिहिलेला नसतो, म्हणून लक्षात ठेवावा लागतो. डिक्लाइन, ड्विंडल, वेन, रिसीड, सबसाइड, डिटीरिओरेट ही आपोआप घडणारी. यांना कर्म लावू नका. 'द कंपनी डिक्लाइन्ड द प्राइस' लिहिलंत तर अर्थ होतो कंपनीने भाव नाकारला, कारण कर्म लागलं की डिक्लाइन म्हणजे नम्र नकार. लग्नाचं आमंत्रणसुद्धा डिक्लाइनच करतात. मुळात तो शब्द झुकण्याचा आहे. इन्क्लाइन, रिक्लाइन ही त्याचीच भावंडं, आणि नाकारताना माणूस जरा बाजूला झुकतोच.

उलट रिड्यूस, सॅप, अंडरमाइन, डेबिलिटेट यांना कर्म हवंच. 'सेल्स रिड्यूस्ड' ऐवजी 'सेल्स फेल' लिहा (हा 'फेल' म्हणजे फॉलचा भूतकाळ, नापास नव्हे). वीकन, इरोड, डिक्रीज हे दोन्हीकडे चालतात, म्हणून नवख्याने आधी त्यांच्याशी दोस्ती करावी.

यातला अंडरमाइन मला विशेष आवडतो. खालून सुरुंग खणून तट पाडायचा, हा त्याचा मूळ अर्थ. १७०० साली औरंगजेबाच्या फौजेने साताऱ्याच्या किल्ल्याला सुरुंग लावले आणि एक सुरुंग त्यांच्याच माणसांवर उलटला, हे आपण शाळेत वाचलं आहे. ऑफिसात तुमच्या पाठीमागे कुणी साहेबांचे कान भरतो तेव्हा तो तुम्हाला अंडरमाइन करतो. समोरून हल्ला असेल तर हा शब्द वापरू नका. सॅप हाही त्याच खणण्यातून आला, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधला 'सॅपर' तोच. वैशाखातलं ऊन अंगातली शक्ती सॅप करतं. इरोडच्या मुळाशी मात्र कुरतडणं आहे, उंदरांच्या जातीला इंग्रजीत रोडंट म्हणतात ते त्याच धातूवरून. नदी काठ इरोड करते, महागाई बचत इरोड करते, रोजच्या खोट्या थापा विश्वास इरोड करतात. सगळीकडे कुरतडणंच.

पायरी तिसरी : पुराचा धडा

हा धडा बडोदेकरांना समजावून सांगावा लागत नाही. २०१९ आणि २०२४ साली विश्वामित्री कशी शहरात आली, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. रस्त्यावर पाणी आणि पाण्यात मगरी. त्या दिवसांचं वर्णन मी प्रत्येक नव्या तुकडीला इंग्रजीत लिहायला लावते. पहिल्या खेपेला सगळ्यांचं वाक्य एकच असतं: द वॉटर बिकेम लेस.

मग एकेक सोडवायचं. पावसाचा जोर ओसरला, तो अबेट झाला, किंवा साध्या भाषेत ईज्ड ऑफ. पाणी काठाकडे मागे हटलं, ते रिसीड झालं. रिसीडमध्ये मागे सरणं आहे, म्हणूनच कपाळावरून मागे गेलेल्या केसांना रिसीडिंग हेअरलाइन म्हणतात, आणि अर्थव्यवस्था मागे सरते तेव्हा रिसेशन. एकूण पूर उतरला, तो सबसाइड झाला. आणि गंमत पुढे आहे. पूर गेल्यावर सोसायटीच्या फाटकापाशी रस्ता खचला, त्यालाही इंग्रजी सबसाइडच म्हणतं. खाली बसणं हा मूळ अर्थ, मग पाणी बसो की जमीन. आपल्याला तिथे ओसरणे आणि खचणे असे दोन शब्द लागतात. लोकांचा रागही सबसाइड होतो, पण तो खचत नाही, निवळतो. एब हा शब्दही काही मुलं टाकतात. तो ओहोटीचा आहे. नदीच्या पुराला तो नको, उत्साहाला किंवा अंगातल्या शक्तीला चालतो. ओहोटी आपण बडोद्यात बसून कुठे पाहणार, पण मराठीत 'ओहोटी लागली' सर्रास म्हणतोच की.

तळमजल्यावर पाणी भरून राहिलेल्या जुन्या लाकडी घराचं काय झालं, तेही लिहून पाहा. लाकूड रॉट झालं, गिलावा क्रंबल झाला, घर रन-डाउन दिसायला लागलं. चार पावसाळे दुरुस्ती नाही झाली तर डिलॅपिडेटेड. आणि भाऊबंदकीचा दावा चालू, वारस अमेरिकेत, दाराला गंजलेलं कुलूप, असं असेल तर डेरेलिक्ट. या शब्दात सोडून दिलं जाणं आहे. आत कुणी राहत असेल तर डेरेलिक्ट म्हणू नका, राहणाऱ्याला लागतं.

पायरी चौथी : आलेखातली घसरण

हे आयेल्ट्सवाल्यांसाठी. बाकीच्यांनी वरवर वाचलं तरी चालेल, पण ऑफिसच्या सादरीकरणात याचा उपयोग आहे. अकॅडेमिक परीक्षेच्या लेखनातल्या पहिल्या भागात आलेख किंवा तक्ता देतात आणि किमान १५० शब्दांत त्याचं वर्णन मागतात, साधारण २० मिनिटांत. शब्दसंपत्तीला चार निकषांपैकी एक निकष दिलेला आहे. म्हणून मुलं एकाच परिच्छेदात सहा वेगवेगळे शब्द कोंबतात आणि फसतात, कारण प्रत्येक शब्दाचा उतार वेगळा आहे.

डिप म्हणजे चहात खारी बुडवून लगेच वर काढतो तेवढंच: थोडं खाली, पुन्हा वर. रेषा वर आली नसेल तर डिप लिहू नका. स्लंप म्हणजे मटकन बसणं. थकलेला माणूस खुर्चीत स्लंप होतो आणि बाजारही. आपला 'धंदा बसला' इथे अचूक लागतो. प्लमेटमध्ये शिसं आहे. गवंड्याचा ओळंबा सोडला की तो सरळ खाली जातो, तसं. रेषा जवळजवळ उभी पडत असेल तरच प्लमेट. दहा वर्षांत रखडत रखडत आलेल्या घटीला प्लमेट लिहिलं की परीक्षकाला कळतं, याने यादी पाठ केली आहे, आलेख पाहिलेला नाही. त्या संथ घटीला 'डिक्लाइन्ड स्टेडिली' पुरेसं आहे. निमुळतं होत संपणाऱ्या रेषेला टेपर ऑफ.

आता शब्दयोगी भाग, जिथे खरे गुण जातात. समजा, सेव उसळीच्या एका दुकानात दिवसाला ४०० प्लेटा खपत होत्या, आता ३०० खपतात. इथे 'फेल टू ३००' आणि 'फेल बाय १००' ही दोन वाक्यं बरोबर आहेत. 'टू' लावलं की कुठवर आलं ते, 'बाय' लावलं की किती गेलं ते. 'फेल बाय ३००' लिहिलंत तर दुकानदाराकडे १०० प्लेटाच उरल्या. नाम वापरलं तर 'अ फॉल ऑफ १००', आणि कशात घट झाली ते 'इन'ने सांगायचं: 'अ फॉल इन सेल्स'. टक्क्यांचा सापळा आणखी वेगळा. वाटा ४० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आला तर तो १० पर्सेंटेज पॉइंट्सनी घसरला. टक्केवारीत म्हणाल तर ती २५ टक्के घट. वर्गात दर वेळी निम्मी मुलं इथे चुकतात, आणि त्यात दोन-तीन तरी इंजिनिअर असतात.

कंपनीतली माणसं सोडून जातात त्याला मनुष्यबळ विभागात अट्रिशन म्हणतात. शब्दाचा अर्थ घासून झिजणं. मराठीत आपण गळती म्हणतो. भाषांतर करताना 'लीकेज' लिहू नका, मी ते वाचलेलं आहे.

पायरी पाचवी : माणसांबद्दल जपून

या पायरीवर व्याकरणापेक्षा शिष्टाचार महत्त्वाचा. वयाने नाजूक झालेल्या आजीला फ्रेल म्हणा. त्यात माया आहे. फ्रेल आणि फ्रॅजाइल हे मुळात एकच लॅटिन शब्द आहेत. एक फ्रेंचांच्या तोंडून घासून गुळगुळीत होऊन आला, दुसरा नंतर मुळाबरहुकूम घेतला गेला. आपले कान आणि कर्ण तसेच, तद्भव आणि तत्सम. कॅनडाला पाठवायच्या लोणच्याच्या बरणीवर चिकटवायचा तो फ्रॅजाइल. आजीवर फ्रेल.

इन्फर्म हा अर्जाच्या, सरकारी भाषेतला शब्द, वृद्ध आणि दुर्बल यांच्यासाठीच्या सोयींबद्दल लिहिताना चालतो. डेक्रेपिटमध्ये करकरणं आहे, जुन्या खाटेसारखं. खाटेला, बसला म्हणा, माणसाला नको. सेनाइल तर अजिबात नको, तो आता शिवीसारखाच लागतो. फीबल हा मजेदार आहे. त्याचं लॅटिन मूळ रडण्याशी जोडलेलं, कीव यावी असं काहीतरी. म्हणून फीबल अटेम्प्ट म्हणजे आपला केविलवाणा प्रयत्न, शब्दाला शब्द जुळतो. आजारातून नुकत्याच उठलेल्याचा आवाज फीबल असू शकतो, पण सहकाऱ्याला फीबल म्हणालात तर तो दुखावेल. केविलवाण्या सबबींचंही सांगते: लंगडी सबब म्हणजे लेम एक्स्क्यूज, थातुरमातुर म्हणजे फ्लिम्झी. पाणचट चहाला मात्र साधा वीक टी.

एनर्व्हेटची फसवणूक सांगायलाच हवी. कानाला तो एनर्जीचा भाऊ वाटतो, आणि 'योगा एनर्व्हेट्स मी' हे वाक्य मी दरवर्षी तपासते. अर्थ नेमका उलटा आहे: स्नायुबंध कापून टाकल्यासारखं त्राण जाणं. नऊ रात्री गरबा खेळल्यावर दसऱ्याला सकाळी जे होतं, ते एनर्व्हेटेड.

आणि आपला लाडका 'वीकनेस'. आमच्या शेजारच्या काकू मुलाकडे कॅनडाला गेल्या होत्या. चतुर्थीचा उपास, वर प्रवासाचा शीण. तिथल्या डॉक्टरला त्यांनी सांगितलं, "आय हॅव फुल बॉडी वीकनेस." डॉक्टरीणबाईंनी लगेच हात दाबायला लावले, पाय उचलायला लावले, हसून दाखवा म्हणाल्या. काकू गोंधळल्या. डॉक्टरच्या भाषेत वीकनेस म्हणजे स्नायूंतली ताकद जाणं. एका बाजूला अचानक आलेला वीकनेस पक्षाघाताचं लक्षण असू शकतो, म्हणून ते त्याला फार गांभीर्याने घेतात. काकूंना म्हणायचं होतं थकवा. तिथे 'आय फील टायर्ड ऑल द टाइम' किंवा 'आय हॅव नो एनर्जी' म्हणायचं. चक्कर येत असेल तर 'डिझी', उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर 'आय फील फेंट'. पण हातातून कप खरंच सुटत असेल तर वीकनेसच म्हणा, आणि कोणत्या हातात तेही सांगा.

'आय हॅव अ वीकनेस फॉर सेव उसळ' याचा अर्थ निराळाच, तिथे जीव अडकला आहे. हे वाक्य मात्र बिनधास्त वापरा. मी वापरते.

पायरी सहावी : समानार्थी कोश कसा उघडावा

पीटर मार्क रोजे या इंग्रज डॉक्टरने १८५२ साली आपला कोश काढला, तेव्हा शब्द अक्षरांच्या क्रमाने न लावता अर्थाच्या कुटुंबांप्रमाणे लावले आणि विरुद्ध अर्थाची कुटुंबं शेजारी शेजारी बसवली. आपल्याला ही मांडणी नवी नाही. अमरकोशात शब्द वर्गांनीच येतात. पण अमरकोश हाताशी घेणाऱ्या कवीला वृत्तात बसणारा शब्द हवा असे, तिथे कमळाची दहा नावं एकमेकांच्या जागी चालून जातात. इंग्रजी मेल काही शार्दूलविक्रीडितात लिहायची नसते.

बडोद्याने या बाबतीत फार पूर्वी मेहनत घेतली आहे. १९३१ साली संस्थानाने 'श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू' हा कारभारातल्या शब्दांचा आठ भाषांतला कोश छापला. इंग्रजी शब्दाला मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी वगैरे भाषांत काय म्हणावं, हा प्रश्न इथल्या कारकुनांना तेव्हाही पडत होता.

तर कोशातून शब्द उचलला की त्याचा विरुद्ध शब्द काढा आणि तुमच्या वाक्यात ठेवून पाहा. फ्रेलचा विरुद्ध रोबस्ट. 'माझी आजी रोबस्ट आहे' चालतं, म्हणजे फ्रेलही चालेल. डिलॅपिडेटेडच्या विरुद्ध बाजूला 'दुरुस्त केलेला' असा काहीतरी निघतो, आणि 'माझी आजी दुरुस्त केलेली आहे' म्हणताच तुम्हीच हसाल. गुडघ्याचं ऑपरेशन झालं असलं तरी.

दुसरं, शब्दाबरोबर त्याचे सोबती लिहून ठेवा. वहीत नुसतं 'डिटीरिओरेट = खालावणे' असं टिपू नका, 'हर हेल्थ डिटीरिओरेटेड ओव्हर द मन्सून' असं अख्खं वाक्य लिहा, तुमच्याच घरातलं. आठवड्याला पाच शब्द पुरेत. पन्नासची यादी भिंतीवर लावणारे मी पाहिलेत. ती यादी पहिल्या पावसात फेड होते.

उच्चाराचं राहिलं. डि-टी-रि-ओ-रेट असे पाच तुकडे आहेत, 'डिटोरिएट' म्हणू नका. चंद्राच्या वेनला ओठ गोल करायचे, शिरेच्या वेनला वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे; स्पेलिंगही वेगळं. ड्विंडलमध्ये 'ड' आणि 'व' जोडून म्हणायचे, 'डिविंडल' नाही. आणि डेक्रेपिटच्या शेवटी 'ट' आहे, 'ड' नाही. लिहितानाही.